फिटची गोळी मनाने सोडू नका, ठरवून कमी करा

(महासंघाच्या मासिक सभेत आरोग्याच्या विषयावर झालेलं भाषण. बोलणारी मैत्रीण आपली जुनी सभासद. सध्या छत्रपती संभाजीनगरला पुंडलिकनगरमध्ये राहते.)



मला पाचवा महिना चालू आहे. बोलता बोलता खुर्चीवर बसले तर राग मानू नका.

मी तुमच्यातलीच. लग्नाआधी दोन वर्षं आपल्या गटात होते, आई अजून आहे. सासर संभाजीनगरला, पुंडलिकनगरमध्ये. मालक चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामाला जातात, मी घरी शिलाईकाम करते. अध्यक्ष ताईंचा फोन आला की सभेत आरोग्यावर बोल. म्हटलं, ताई, मी ना डॉक्टर ना नर्स. त्या म्हणाल्या, "तुझ्यावर बेतलं ते सांग, तेवढं पुरे." म्हणून तेच सांगायला आले.

मला फिट येतात. कोणी फेफरं म्हणतं, कोणी मिरगी, कोणी आकडी. डॉक्टर कागदावर अपस्मार लिहितात. याच गटात मी दोन वर्षं मांडीला मांडी लावून बसले, हप्ते भरले, प्रोसिडिंग लिहिलं, पण एकीलाही हे सांगितलं नव्हतं. आज सांगते. कारण इथे बसलेल्यांत कुणाच्या तरी घरात हे दुखणं असणारच. आपल्या देशात साधारण शंभरात एकाला ते असतं.

दुखणं मेंदूचं, बाहेरचं नव्हे

आपल्या मेंदूत सारखी बारीक वीज खेळत असते. तिच्यावरच हातपाय हलतात, आपण बोलतो, आठवतो. ती वीज एकदम उसळली की फिट येते. ते कुणाच्या अंगातलं वारं नाही, करणी नाही, शिवल्याने किंवा उष्टं खाल्ल्याने लागत नाही.

माझं दहावीत सुरू झालं. सकाळी उठल्या उठल्या हाताला झटका बसायचा आणि चहाची कपबशी उडून पडायची. आई म्हणायची, पोरीच्या हाताला वळण नाही. दोन वर्षांनी मोठी फिट आली. तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, सकाळी हातातून वस्तू उडतात का? तेव्हा आईच्या डोळ्यात पाणी आलं. त्या कपबश्यांवरून तिने मला किती बोल लावले होते!

चिठ्ठीवर सोडियम व्हॅलप्रोएट नावाची गोळी लिहून दिली. फिट थांबल्या. केस गळाले, वजन वाढलं, सुई ओवताना हात थरथरायचा, पण फिट थांबल्या.

लग्न जमलं तेव्हा सगळे म्हणाले, सांगू नको, मोडेल. मी गोळ्या पिठाच्या डब्यात लपवून सासरी नेल्या. आज वाटतं, लपवायला नको होतं. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख होता, त्याच्या आधारे लग्न रद्द करून मागता यायचं. १९९९ साली कायद्यातून तो शब्द काढून टाकला. कायद्याने तो डाग पुसला, तरी आपण मनात धरून बसतो. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी संवेदना फाउंडेशन नावाचा आधारगट उभा केला. त्यांनी स्वतः हे दुखणं भोगलंय आणि त्यावर उघड बोलतात, लिहितात. त्यांचं मला फार उशिरा कळलं.

माझी चूक

आता जे सांगते ते मन घट्ट करून सांगते.

लग्नाला दीड वर्ष झालं आणि पाळी चुकली. मी खूश. मग नात्यातल्या एका बाईने सांगितलं की फिटच्या गोळ्या पोटातल्या बाळाला वाईट. मोबाईलवर बघितलं, तिथेही तेच. त्या रात्रीच सगळी पाकिटं कचऱ्यात टाकली. मालकांना काही बोलले नाही. बोलणार काय, त्यांना गोळ्याच माहीत नव्हत्या.

तीन दिवस काही झालं नाही. मला वाटलं, बघा, उगीच खात होते. चौथ्या दिवशी सकाळी भाकरी टाकताना फिट आली. हात तव्यावर पडला. हे बघा, इथे अजून व्रण आहे. शेजारणींनी १०८ बोलावली, तर गाडीत आणखी दोन फिट आल्या. आठवड्याभरात बाळ गेलं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जाण्याची कारणं पुष्कळ असतात, याच्यामुळेच गेला असं सांगता येत नाही. मी ते ऐकलं, पण मनाला अजून पटत नाही.

पुढे त्या जे म्हणाल्या ते मात्र मनात कोरलं गेलं. म्हणाल्या, "तू ऐकलंस ते खोटं नव्हतं. केलंस ते चुकीचं होतं."

म्हणजे काय, ते नीट ऐका. व्हॅलप्रोएट घेत असलेल्या आईच्या शंभरातल्या साधारण दहा बाळांमध्ये जन्मतः दोष सापडतात. पाठीचा कणा नीट न मिटणं, हृदयाचा दोष, टाळू फाटणं असे. इतर बाळांमध्ये हे प्रमाण शंभरात दोन ते तीन असतं. शिवाय या गोळीवरच्या आईच्या शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात, वाढीत अडचण येते. म्हणून इंग्लंडमध्ये २०१८ पासून मूल होण्याच्या वयातल्या बाईला गर्भ राहू नये याचा पक्का बंदोबस्त असल्याशिवाय ही गोळी देत नाहीत.

पण बाळाचा कणा मिटतो तो पहिल्या काही आठवड्यांत. पुष्कळदा आपल्याला दिवस राहिल्याचं कळायच्या आतच. म्हणजे पाळी चुकल्यावर गोळी फेकली तर त्या दोषापुरता उशीर झालेला असतो, आणि फिटचा धोका मात्र अंगावर घेतलेला असतो. एकदम गोळी सोडली की मेंदू उसळी मारतो. फिटमागून फिट येते, थांबतच नाही. त्यात आईचा जीव जातो, पोटातल्या बाळाचाही जाऊ शकतो.

म्हणून गोळी बदलायची तर दिवस राहण्याच्या आधी, ठरवून, डॉक्टरांच्या हाताखाली. आणि कुणी आधीच गरोदर असून ही गोळी घेत असेल तर आज रात्रीची गोळी चुकवू नका, उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा.

कमी कशी केली

त्या प्रसंगानंतर घरात सगळं उघडं पडलं. मला वाटलं होतं, माहेरी पाठवतील. आत्याबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पिठाचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "याच्यात पीठ राहू दे. गोळ्या इथे फळीवर ठेव, मला दिसतील अशा."

मेंदूच्या डॉक्टरांनी योजना कागदावर लिहून दिली. पहिली गोष्ट, एका वेळी एकाच गोळीला हात लावायचा. दोन्हींत एकदम बदल केला आणि फिट आली, तर कशामुळे आली ते कळत नाही. दुसरी गोष्ट, आधी नवी चढवायची, मग जुनी उतरवायची. जुन्या पुलावरून उतरण्याआधी नवा पूल भार घेतो का ते बघायचं.

मला लेव्हेटिरॅसिटॅम नावाची नवी गोळी सुरू केली. गरोदरपणासाठी जी दोन औषधं त्यातल्या त्यात बरी समजतात, ती लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरॅसिटॅम. दीड महिना दोन्ही गोळ्या सोबत चालल्या. नव्या गोळीने माझी चिडचिड वाढली. भांडं आपटलं, मालकांना वाटेल ते बोलले. घरच्यांना वाटलं, सून बिघडली. डॉक्टरांना सांगितल्यावर कळलं की या गोळीचा तो माहीत असलेला त्रास आहे. नुसतं माहीत झालं तरी घर शांत झालं. पुढे तो आपोआप कमी झाला. कुणाला उदास वाटलं, जगू नये असं मनात आलं, तर मात्र त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायचं.

मग व्हॅलप्रोएट उतरवायला घेतली. मी रोज १००० मिलिग्रॅम घेत होते. दर महिन्याला २०० कमी. १०००, ८००, ६०० असं. हे माझे आकडे आहेत, तुमचे नाहीत. वय, वजन, फिटचा प्रकार, दुसऱ्या गोळ्या यांवर ते ठरतं. झोपेच्या वर्गातली काही औषधं, जसं फिनोबार्बिटोन किंवा क्लोबाझाम, तर आणखी सावकाश उतरवावी लागतात. आणखी एक. माझ्या गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या होत्या, त्या कुटून किंवा चावून चालत नाहीत. म्हणून प्रत्येक पायरीला कमी ताकदीची वेगळी गोळी लिहून आणली. घरी विळीने अर्धी केली नाही.

हे कर्जाच्या हप्त्यासारखं आहे बघा. दरमहा ठरलेला हप्ता भरत गेलं की कर्ज फिटतं. घाईने सगळं एकदम भरायला गेलं की घरात दाणा उरत नाही.

वही

डॉक्टर म्हणाले, लिहून ठेव. मी गटाचं प्रोसिडिंग लिहिलेली बाई, मला काय अवघड? दोनशे पानी वही केली. रोजची एक ओळ. तारीख, कोणती गोळी किती वाजता, रात्री किती तास झोप, पाळीचा दिवस, सकाळी झटके आले का, मन कसं होतं. फिट आली तर किती मिनिटं, आधी काय झालं होतं.

त्या वहीने मला वाचवलं. आषाढात उतरायला सुरुवात केली, नवरात्रापर्यंत ४०० वर आले होते. पुढची पायरी २०० ची. नवरात्रात आमच्याकडे पहाटे कर्णपुऱ्याच्या देवीला चालत जायची पद्धत. मी तीन दिवस पहाटे तीनला उठले, वर उपवास. चौथ्या दिवशी सकाळी हाताला झटका बसला आणि कप खाली पडला. दहावीतला तोच कप आठवला आणि अंगावर काटा आला.

घाबरून मी स्वतःच गोळी वाढवणार होते. आत्याबाई म्हणाल्या, आधी वही घे, फोन लाव. डॉक्टरांनी वही बघितली. झोप सात तासांवरून चारवर आली होती, ती ओळ त्यांनी पेनाने खुणावली. म्हणाले, "आता उतरू नको. दोन महिने याच पायरीवर थांब." नवी गोळी थोडी वाढवली. झोप नीट केली, उपवास सोडला. देवी काही रागावली नाही. झटके थांबले. मग पुन्हा उतरले, आणि संक्रांतीच्या आठवड्यात व्हॅलप्रोएटची शेवटची गोळी घेतली.

बायांनो, पायरीवर थांबणं म्हणजे हरणं नव्हे. गोळ्या किती कमी झाल्या हे मोजायचं नाही, फिट आली नाही हे मोजायचं.

त्या महिन्यांत घरात काही नियम पाळले. चुलीपाशी, गॅसपाशी एकटी नाही. विहीर, हौद, तळं यांच्या काठावर एकटी नाही. न्हाणीला आतून कडी नाही. स्कुटी बंद. शिलाई मशीनची मोटर काढून पायाने चालवली. तुमच्याकडे तर शेततळं आहे, कडबा कुट्टी आहे. तिथे जास्त जपा.

सगळ्यांची गोळी सुटते का?

नाही. खरं तेच सांगते.

दोनेक वर्षं एकही फिट आली नाही तर डॉक्टर गोळी बंद करण्याचा विचार करतात. पण इंग्लंडमध्ये १९९१ साली एक मोठा अभ्यास छापून आला. दोन वर्षं किंवा जास्त फिट न आलेली १०१३ माणसं त्यात होती. निम्म्यांच्या गोळ्या चालू ठेवल्या, निम्म्यांच्या हळूहळू बंद केल्या. दोन वर्षांनी बघितलं तर गोळ्या चालू असलेल्यांत शंभरातले ७८ जण फिटमुक्त होते, बंद केलेल्यांत ५९. म्हणजे बंद करूनही निम्म्याहून जास्त माणसं बरी राहिली, पण धोका वाढला हेही खरं. कुणी तो धोका घ्यावा, कुणी नाही, हे फिटचा प्रकार आणि तपासण्या बघून ठरतं. माझा सकाळच्या झटक्यांचा प्रकार असा आहे की गोळी बहुधा जन्मभर लागेल. माझी एक सुटली, दुसरी चालू आहे. मी ते मान्य केलंय. चष्मा नाही का आपण जन्मभर लावत?

एका गोळीचा दुसरीवरही परिणाम होतो, म्हणून मनाने काढघाल करू नका. लॅमोट्रिजिन आणि व्हॅलप्रोएट सोबत असतील तर व्हॅलप्रोएट काढली की पहिलीचा जोर रक्तात उतरतो, डोस बदलावा लागतो. कार्बामाझेपिन, फिनिटॉइन, फिनोबार्बिटोन या गोळ्यांनी माला-डी, माला-एन सारख्या पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा जोर कमी होतो आणि नको असताना दिवस राहू शकतात. त्या बाईला तांबी बरी पडते. म्हणून आशाताईकडून पाळणा लांबवायच्या गोळ्या घेताना फिटच्या गोळीचं नाव सांगा.

गट काय करू शकतो

आपला गट यात काय करणार, तर बरंच काही.

एक, गोळी संपू देऊ नका. माझ्या ओळखीतल्या पुष्कळ जणींच्या फिट पैसे नाहीत म्हणून चार दिवस गोळी बंद राहिल्याने आल्या. अशा सभासदाला आजारपणाचं अंतर्गत कर्ज आधी द्या. घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम शिल्लक असू द्या. जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात, मात्र दर महिन्याला वेगवेगळ्या कंपनीची नको. एक धरली की तीच.

दोन, फिट आली तर काय करायचं ते सगळ्यांनी शिका. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूचा विळा, दगड, विस्तव बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली, बाई गरोदर असली किंवा ती पाण्यात पडली असली, तर लगेच १०८.

तीन, सोबत जा. ज्या बाईला घरचे नेत नाहीत तिच्यासोबत गटातली एक जण दवाखान्यात जाऊ द्या. आपल्या जिल्ह्याला घाटीचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. मुंबईच्या डॉ. निर्मल सूर्य यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राष्ट्रीय आरोग्य अभियानासोबत जिल्ह्याजिल्ह्यांत मोफत शिबिरं घेतली आहेत. पुढचं कधी, कुठे, ते आशाताईंमार्फत विचारत राहा.

चार, नव्याने लग्न झालेल्या, गोळी चालू असलेल्या मुलीला एकच प्रश्न विचारा. "बाळाचा विचार करण्याआधी गोळीचं विचारलंस का?" फोलिक ॲसिडची गोळीही दिवस राहण्याआधीच सुरू करायची असते, किती ते डॉक्टर सांगतात. हा एक प्रश्न मला कुणी विचारला असता, तर माझ्या हातावर हा व्रण नसता.

शेवटची व्हॅलप्रोएट घेतली त्याला आता सव्वा वर्ष झालं. सहा महिने वाट बघितली, फिट आली नाही, मग डॉक्टरांनी हो म्हटलं. गेल्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, बाळाचा कणा, हृदय नीट दिसलं. गरोदरपणात या गोळीचा जोर रक्तात कमी होतो, म्हणून रक्त तपासून एकदा डोस वाढवलाय. पुढे काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. बाळंतपण दवाखान्यातच करायचं हे ठरलंय, आणि त्यानंतर रात्रीची झोप कशी राखायची यावर घरात आताच बोलणं चालू आहे. रात्री बाळाला आत्याबाई घेणार, असं त्यांनीच जाहीर केलंय.

आज घरी गेल्यावर एक काम करा. घरात कुणाला फिटची गोळी चालू असेल तर पाकीट काढा, किती गोळ्या उरल्यात ते मोजा आणि वहीची पहिली ओळ लिहा.

सभा संपल्यावर मी इथेच थांबणार आहे. सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर मागे त्या लिंबाखाली या. माझी वही सोबत आणलीय, दाखवते.

जय सावित्री.